कुलूप असल्यास पुढचं घर

आमचा बीड जिल्हा हा एक छोटा देश आहे, असं मला पहिल्यांदा आमच्या साहेबांनी सांगितलं. तोवर मी त्याला जिल्हाच समजत होते आणि त्यात माझं काही अडत नव्हतं.

उदारीकरणाची वर्षं होती. बीडच्या बाजारात जिकडेतिकडे एसटीडीचे पिवळे बूथ उगवत होते. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या किराणा दुकानात साबणाचे इतके नवे प्रकार येत होते की फळ्या पुरेनात. मी आकडेवारीच्या सरकारी ऑफिसात होते. गावोगाव जायचं, ओट्यावर बसायचं, कोण काय करतो, काय मिळवतो, काय खातो हे विचारून लिहायचं आणि परत येऊन त्याच्या बेरजा करायच्या, हे माझं काम. लग्नाच्या बाजारात या नोकरीला किंमत नव्हती. ‘मुलगी लोकांच्या चुली मोजत फिरते’ असं म्हणून एका स्थळानं नकार कळवला होता. अण्णांना राग आला. मला हसू आलं, कारण वर्णन अगदी बरोबर होतं.

हे नवे साहेब कुठल्याशा मोठ्या शहरात प्रशिक्षण घेऊन आले होते. तिथं त्यांना समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाची गोष्ट शिकवली होती. त्या देशात कारखाने नाहीत, खाणी नाहीत. तरी त्याची तब्येत तीन आकड्यांवरून कळते म्हणे: बाहेरून पाहुणे किती आले, किती हातांना काम आहे आणि घरात उत्पन्न काय येतं. पहिल्याच बैठकीत साहेब म्हणाले, "बीड म्हणजे असाच एक छोटा देश समजा. पर्यटन, रोजगार, उत्पन्न. दरवर्षी हे तीन आकडे काढले की देश कुठं चाललाय ते कळेल."

माझ्या शेजारी सय्यदभाई बसले होते. माझ्याआधीपासून नोकरीत असलेले अन्वेषक. जिल्ह्यातली एकही वाट त्यांच्या सायकलीला अनोळखी नव्हती. ते माझ्याकडे न बघता पुटपुटले, "म्याडम, समिंदर कुटून आणायचा?"

त्या दिवसापासून ऑफिसात आम्ही जिल्ह्याला ‘देश’ म्हणू लागलो. जिल्ह्याच्या टोकाला आष्टीकडे दौरा निघाला की सय्यदभाई म्हणायचे, "सरहद्दीवर चाललो." मी साहेबांची टिंगल करते आहे असं वाटेल. थोडी करतेही आहे. पण माणूस हुशार होता, सरळ होता, रविवारीही ऑफिसात येऊन बसायचा. पुढे जे झालं त्यात दुष्ट असं कोणीच नव्हतं. मला अजून त्याचाच धक्का सगळ्यात मोठा वाटतो.

पर्यटनापासून सुरुवात झाली. आमच्या देशात पाहुणे येतात कुठं? धर्मापुरीचं जुनं देऊळ बघायला कधीमधी एखादा गळ्यात कॅमेरा अडकवून यायचा. त्याच्यावर काही अहवाल उभा राहत नव्हता. खरी गर्दी कार्तिकातली, कपिलधारच्या यात्रेची. ती तर आमच्या घरचीच जागा. लहानपणी तिथल्या धबधब्याखाली उभं राहून रडलेल्या आणि मग बाहेर यायला तयार नसलेल्या पोरांमध्ये मीही होते. पण तिथं दार नाही, तिकीट नाही. मोजायचं काय? मी मोठ्या हौसेनं नारळ सुचवला. खपलेले नारळ मोजले की माणसं कळतील. रात्री जेवताना अण्णांना सांगितलं तर ते घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, आपण घरची सगळी मिळून एक नारळ फोडतो. आणि नवसाचा माणूस पोतं घेऊन येतो. बेरीज कशाची करशील?" नारळ तिथंच निकालात निघाला.

मग साहेबांनी गाड्या मोजायचं ठरवलं. कपिलधारच्या वळणावर इतकी झुंबड उडायची की कागदावर काडी ओढायला उसंत नसे. म्हणून मोजणीची जागा अलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलासमोर धरली. जागेची निवड शास्त्रीय होती असं अहवालात लिहिलं आहे. तिथं चिंचेची सावली होती, एवढंच त्यातलं शास्त्र. आता मोठा रस्ता म्हणजे सगळ्यांचाच. त्यातल्या यात्रेच्या गाड्या ओळखायच्या कशा? साहेबांनी नियम केला: ट्रक किंवा ट्रॅक्टरला फुलांची माळ आहे आणि आत बायकापोरं बसली आहेत, तर ती गाडी यात्रेची. आम्हा सगळ्यांना तो पटला. पहिल्या वर्षी कॉलेजची मुलं रोजंदारीवर बसवली, आणि आकडा असा आला की साहेबांनी तो पुन्हा तपासायला लावला. तपासूनही तेवढाच आला. पर्यटनात आमचा देश जोरात होता.

बाकीचे दोन आकडे घरोघर बसून काढायचे. सगळ्या घरांना विचारायचं म्हटलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून काही गावं निवडायची, तिथल्या दारांवर गेरूनं क्रमांक टाकायचे आणि त्यातल्या ठरावीक क्रमांकांच्या घरी बसायचं. उत्पन्न सरळ विचारलं की माडीवालासुद्धा गळा काढतो, म्हणून आम्ही आडून विचारायचो. चहा दुधाचा की कोरा, गोडं तेल महिन्याला पुरतं का, सायकल आहे का. रोजगाराची व्याख्या मात्र ठरलेली होती. काम मागतो आणि मिळत नाही तो बेकार. जो काम मागतच नाही, तो बेकार नाही. आणि निवडलेल्या घराला कुलूप असेल तर? त्यासाठी सूचनांमध्ये एक ओळ होती: कुलूप असल्यास पुढचं घर घ्यावं. ती ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाजाराला गेलेलं एखादं कुटुंब असणार.

शिरूर कासारच्या बाजूचं एक गाव आमच्या निवडीत होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आदल्या हिवाळ्याची फेरी दुसऱ्यांनी केली होती. उन्हाळ्याच्या फेरीला मी आणि सय्यदभाई गेलो. ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परतली होती. गावात जाग होती, भांडणं होती, लग्नाचे मांडव होते.

तिथं मला चंद्रकला भेटली. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. नवरा भागवत दाराशी दोरी वळत बसलेला, आणि सगळ्या उत्तरांना नुसती मान हलवणारा. मी चहाचं विचारलं तर चंद्रकला म्हणाली, "आधी पिऊन बघा, मंग लिवा." चहा कोराच होता, पण गूळ भरपूर घातला होता.

त्यांची मुलगी सुनीता सहावी झाली होती. आम्ही गेरूचा डबा खाली ठेवला तशी ती त्याच्याभोवती घुटमळायला लागली. "म्याडम, मी टाकू आकडे? माजं अक्षर चांगलं हाय." मी बाभळीच्या काडीचा कुंचला तिच्या हातात दिला. पोरीनं अख्खी आळी रंगवली. स्वतःचं घर, शेजारचं घर, देवळामागची घरं. तिच्या चारच्या आकड्याला शेपटी वर वळवायची सवय होती. सय्यदभाई म्हणाले, "ह्यो चार नाचाया लागलाय." ती लाजली आणि पुढचा चार आणखी नाचरा काढला.

निघताना चंद्रकलेनं मला ओट्यावरून खाली येऊ दिलं नाही. गावाच्या वर रोजगार हमीतून एक तलाव अर्धा झालेला होता. त्याचं उरलेलं काम दसऱ्यानंतर सुरू होईल असं गावात बोललं जात होतं. "काम निगालं तर यंदा आमी जानार न्हाई," ती म्हणाली. "दोगं हितंच ऱ्हातो. लई वर्सं गेलतो, आता पोरीसाटी ऱ्हायचं. हिची सातवी एका शाळंत व्हावी. न्हाईतर दर साली दिवाळीला शाळा सुटती ती गुडीपाडव्यालाच दिसती." मग माझ्या हातातल्या कागदांकडे बोट करून तिनं विचारलं, "तुमी हे लिवलं की वर कळंल ना, हितं काम मागनारी मान्सं हाईत म्हनून?"

"त्यासाठीच लिहितो," मी म्हणाले. ते मी तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. मला ते खरंच वाटत होतं.

पावसाळा संपता संपता साहेबांचा अहवाल तयार झाला. त्यात शिरूरकडच्या भागाचं चित्र असं होतं: बेकारी नसल्यात जमा, उत्पन्न चांगलं. मी वाचलं आणि तशीच साहेबांकडे गेले. म्हटलं, मी हे गाव बघून आले आहे, हे तिथलं चित्र नव्हे. साहेब म्हणाले, "हे गेल्या हिवाळ्याचे आकडे आहेत. तुमची उन्हाळी फेरी पुढच्या वर्षीच्या अहवालात येईल. आपल्याला काय वाटतं ते नाही, आकडा काय म्हणतो ते सांगायचं."  वरच्या बैठकीत अहवाल ठेवला गेला आणि तलावाच्या कामाचा पैसा जास्त गरजू अशा दुसऱ्या भागाकडे गेला. त्यात चूक काय म्हणायची? ज्या गावात कोणी काम मागत नाही तिथं काम कशाला काढायचं?

कार्तिक आला. त्या वर्षी गाड्या मोजायला मी आणि सय्यदभाई बसलो. चिंचेखाली खुर्च्या, पुढे टेबल, चहा वेळेवर. सकाळपासून माळा घातलेल्या गाड्या जात होत्या आणि सय्यदभाई काड्या ओढत होते. दुपारकडे एक ट्रक हॉटेलासमोर थांबला. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर गुलाल, चाकापाशी फोडलेल्या नारळाचं पाणी वाळलेलं. आत बायका, पोरं, गाठोडी, पाण्याच्या घागरी, एक शेळी. सय्यदभाईंनी पेन टेकवलं. "माळ हाय, मान्सं हाईत. यात्रा."

"म्याडम," वरून हाक आली.

मी मान वर केली. गाठोड्यावर चंद्रकला बसली होती. तिच्या मांडीला टेकून सुनीता.

मी उठून ट्रकपाशी गेले. "अगं, तुम्ही जाणार नव्हता ना?"

"काम कुटं निगालं?" ती म्हणाली. "वरनं सांगितलं, हितं कुनाला काम नकोय म्हनं. तोडीच्या मुकादमानं गाडी पुजली, नारळ फोडला, निगालो. तुमी हितं उनात काय करताव?"

 सुनीता टेबलाकडे बघत होती. "म्याडम गाड्या मोजत्यात," तिनं आईला सांगितलं. मग मला विचारलं, "आमची मोजली का?"

सय्यदभाईंनी पेन उचललं होतं, पण काडी ओढून झाली होती.  ट्रक सुरू झाला, कपिलधारच्या वळणावर वळला नाही, सरळ पुढे साखर कारखान्यांच्या मुलखाकडे गेला. त्याच्यामागून दुसरा आला, तोही सरळ गेला. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होतो. हंगामाला निघताना गाडी पुजतात, माळ घालतात, हे काय मला माहीत नव्हतं? बीडमध्ये कोणाला माहीत नाही? जन्मभर बघितलेली गोष्ट. पण टेबलावर कागद आला, कागदावर नियम आला, आणि आम्हा सगळ्या शहाण्यांना त्या गाड्यांमध्ये यात्रेकरू दिसले. पोट भरायला गाव सोडणारी माणसं आमच्या देशात पर्यटक झाली होती. मी रस्त्याच्या कडेलाच खाली बसले. चहाच्या हॉटेलवाल्यानं ऊन लागलं समजून पाणी आणून दिलं.

धक्का तिथंच संपायला हवा होता. पण हिवाळी फेरीला आम्ही त्या गावात गेलो. उन्हाळ्यात गजबजलेली आळी गप्प पडली होती. सुनीतानं रंगवलेले आकडे एकेका दारावर अजून ठळक होते आणि त्यांच्याखाली कुलपं होती. निवडीत होतं ते चंद्रकलेचं घर, कुलूप. त्याच्यापुढचं, कुलूप. नियमाप्रमाणे पुढे पुढे सरकत आम्ही गुरुजींच्या घराशी पोचलो. मग विहीरवाल्या बागायतदाराच्या माडीशी. मग दुकानदाराकडे. जे एकदोन ओटे उघडे होते तिथं म्हाताऱ्या नातवंडं सांभाळत बसल्या होत्या. एकीला मी विचारलं, "आजी, काम शोधता का?"

"आता या वयात कशाला बाई काम?" ती म्हणाली.

काम मागत नाही. म्हणजे बेकार नाही.

मी कागद मिटून तिच्याच ओट्यावर बसले. गेल्या हिवाळ्याचे ते सुरेख आकडे कुठून आले हे मला कोणी सांगायची गरज उरली नव्हती. ज्यांच्या घरात काही नव्हतं ती माणसं दाराला कुलूप लावून गेली होती, आणि आम्ही त्यांच्या जागी माडीवाल्याला बसवून त्याचा दुधाचा चहा लिहून आणला होता. गाव जितकं जास्त ओस पडेल तितकं ते आमच्या कागदावर श्रीमंत होत होतं. आणि रस्त्यावर तीच माणसं पर्यटन वाढवत होती. सय्यदभाई इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यासमोर चिडले. "ही कसली हिशेबाची रीत हाय, म्याडम? असला देश असतो का कुटं?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. शिपायानं दार लोटून घेतलं. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे यात्रेचा आकडा..." एवढंच म्हणाले आणि अहवालातलं ते पान काढून बघू लागले. माणूस खरोखर हादरला होता. त्यांनी त्याच दिवशी सूचना बदलली: कुलूप असल्यास पुढचं घर घेऊ नये, कुलूप अशीच नोंद करावी आणि माणसं कुठं गेली ते शेजाऱ्यांना विचारावं. वर दुरुस्तीचं पत्रही पाठवलं. पण मूळ अहवालाची गाडी निघून गेली होती. त्यातल्या पर्यटनाच्या आकड्यावर मोठ्या रस्त्याला यात्रेकरूंसाठी लांबलचक शेड मंजूर झाली. तिच्या उद्‌घाटनाला एका पुढाऱ्यांनी भाषण केलं की बीड आता जगाच्या नकाशावर येत आहे. मी मागच्या रांगेत बसले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उन्हाळा लागला. माणसं परतली. या वेळी दौरा नसतानाही मी त्या गावात गेले. तलावाच्या कामाला पुढच्या वर्षी नंबर लागेल, असं साहेबांनी वरून वदवून घेतलं होतं, आणि ते चंद्रकलेला आपण स्वतः सांगावं अशी मला घाई होती. येताना सुनीतासाठी मी सातवीची वह्यापुस्तकंही घेतली होती.

चंद्रकला ओट्यावर होती. मला बघून उठली, पण हसली नाही. मी तलावाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मी विचारलं, "सुनीता कुठंय?"

"दिली," ती म्हणाली.

मला कळलंच नाही. "कुठं दिली?"

"लगीन केलं, म्याडम. उसाच्या फडावरच." आता ती माझ्याकडे बघत नव्हती. "आमी दोगं पहाटं तोडाया जायचं. पोर पाचटाच्या कोपीत एकटी. आजूबाजूला नुसता ऊस. मान्सं यायची, जायची. एक दिस ती रडत फडात आली, काय झालं ते सांगंना. मंग म्या काय करावं? आपल्या देवळामागच्या घरचाच पोरगा हाय, वळखीचा. तिच्यासारकाच लहान. मुकादम म्हनला, बरं झालं, एक कोयता वाढला."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. जोडी असेल तरच मुकादम कामावर घेतो. हे बाहेरच्यांसाठी सांगते आहे. तेव्हा मला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. मी वह्यापुस्तकांची पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि ती खाली ठेवणं मला जमत नव्हतं. भागवत दाराशी दोरी वळत होता. त्यानं एकदाच मान वर केली. "तुमी लिवून नेलतं ना, म्याडम," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं की मग असं का झालं.

त्या वर्षात साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना छोट्या देशाची गोष्ट माहीत नव्हती आणि कुलपाची नोंद त्यांना अडचणीची वाटली. कुलपांनी तक्ते मोकळे राहतात आणि मोकळे तक्ते वर आवडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. जुनी ओळ परत आली.

पुढच्या हिवाळ्यात मी आणि सय्यदभाई पुन्हा त्या गावात होतो. तलावाचं काम निघालं होतं. चंद्रकला आणि भागवत त्या वर्षी खरोखर गेले नव्हते, माती वाहत होते. आमच्या निवडीत या वेळी देवळामागचं, सुनीताच्या सासरचं घर आलं होतं. आम्ही तिथं गेलो. दाराला कुलूप होतं. कुलपाच्या वर, वळचणीच्या सावलीत पावसापासून वाचलेला, गेरूचा क्रमांक होता. त्यातल्या चारची शेपटी वर वळलेली होती.

शेजारच्या घरातून दुकानदार बाहेर आला. "त्ये गेलं तोडीला. या म्याडम, आमी हाव की. बसा, च्या ठिवतो."

सय्यदभाईंनी माझ्याकडे बघितलं. "पुडचं घर घ्यायचं?"

"नाही," मी म्हणाले. "निवडीत हे घर आहे. इथंच थांबू."

दुकानदाराला काही समजेना. तो चहाचं पुन्हा म्हणाला आणि आत गेला. सय्यदभाईंनी पिशवी खाली ठेवली. मी त्या दारासमोर ओट्यावर बसले, ते माझ्याशेजारी बसले, आणि उन्हं उतरेपर्यंत आम्ही त्या घरच्या माणसांची वाट बघितली.